गोळी लागते तिथवर : बंदूकधारी सुपरहिरोंच्या अभ्यासाची प्रस्तावना

अंगात अलौकिक शक्ती असेल तर बंदूक कशाला, आणि बंदूकच चालवायची तर मुखवटा कशाला? हा विषय निघाला की हे दोन प्रश्न जोडीने येतात. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्या वाचकाने ते बाळबोध समजून बाजूला ठेवू नयेत. गेली नव्वद वर्षं या कथा लिहिणारे, रेखाटणारे आणि छापणारे लोक याच प्रश्नांशी झटत आले आहेत. त्यांनी वेळोवेळी दिलेल्या उत्तरांमधून त्या त्या काळाचा कायद्यावर किती विश्वास होता, हे वाचता येतं.

सुपरहिरोंच्या अभ्यासात बंदूकधारी नायकांना दुय्यम जागा मिळत आली आहे. त्यांचं हत्यार दुकानात विकत मिळतं, त्यांच्या कथा रक्ताळलेल्या असतात, आणि त्यांच्याबद्दल बोलताना सुसंस्कृत माणसाला थोडं अवघडल्यासारखं होतं. मला मात्र हे नायक या कथाप्रकाराच्या केंद्रस्थानी दिसतात. त्यांच्याकडे पाहण्याची माझी एक कसोटी आहे, ती आधीच सांगतो. नायक माणसं मारतो की नाही, एवढ्यावर मी थांबत नाही. त्याने झाडलेली गोळी जिथे जाऊन लागते, तिथवर कथा जाते का, हे मी पाहतो. कोण पडलं, त्याचं पुढे काय झालं, त्याच्या घरी कोण होतं, गोळी चुकली असती तर कुणाला लागली असती? काही कथा हे विचारतात. बहुतेक कथा नळीतून निघालेल्या ठिणगीपाशीच संपतात. या दोन प्रकारांतला फरक ओळखायला शिकणं म्हणजे या अभ्यासाचा निम्मा प्रवास झाला.

सुरुवात अमेरिकेतल्या स्वस्त, खरखरीत कागदावरच्या कथामासिकांपासून करावी लागते. १९३० साली 'द शॅडो' हा रेडिओवरचा निवेदकाचा आवाज म्हणून जन्मला. एप्रिल १९३१ मध्ये स्ट्रीट अँड स्मिथ या प्रकाशनसंस्थेने त्याच्या नावाचं मासिक काढलं आणि वॉल्टर गिब्सन यांनी मॅक्सवेल ग्रँट या टोपणनावाने त्याच्या कादंबऱ्या लिहायला घेतल्या. मासिकातला शॅडो काळा झगा पांघरून दोन्ही हातांत पॉइंट पंचेचाळीसची पिस्तुलं घेऊन फिरतो. पुढे रेडिओवर स्वतंत्र नायक म्हणून आलेला शॅडो मात्र लोकांच्या मनावर धुकं पसरवून अदृश्य होतो. त्याला पिस्तुलाची फारशी गरजच पडत नाही. १९३७-३८ मध्ये ऑर्सन वेल्स यांनी त्याला आवाज दिला होता. कानाने ऐकण्याच्या माध्यमात अदृश्य माणूस भयंकर वाटतो, तर मुखपृष्ठावर दोन पिस्तुलं भयंकर दिसतात. एकाच पात्राचं हत्यार माध्यम बदलल्यावर बदललं. विद्यार्थ्याने हे उदाहरण सुरुवातीलाच मनात ठेवावं, कारण पुढे चित्रकथेतून चित्रपटात आणि मालिकेत गेलेल्या पात्रांच्या बाबतीत ते पुन्हा पुन्हा उपयोगी पडतं.

मे १९३९ मध्ये 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या सत्ताविसाव्या अंकात बॅटमॅन आला. बॉब केन आणि बिल फिंगर यांची ही पहिली बॅटमॅनकथा शॅडोच्या मासिकात १९३६ साली आलेल्या थिओडोर टिन्सली यांच्या कादंबरीवरून उचललेली आहे, हे अभ्यासकांनी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून दाखवून दिलं आहे. तेव्हा त्या वर्षीचा बॅटमॅन बंदूक वापरतो यात नवल नाही. त्याच वर्षीच्या बत्तिसाव्या अंकात तो रक्तपिपासू भुतांना चांदीच्या गोळ्या घालतो. १९४० च्या वसंतात आलेल्या 'बॅटमॅन'च्या पहिल्या अंकात तो आपल्या विमानातून मशीनगन चालवतो, आणि ती एका मालमोटारीवर रोखलेली असते. हे पाहून संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी फिंगरना बजावलं की बॅटमॅनच्या हातात पुन्हा बंदूक दिसता कामा नये. १९४१ च्या हिवाळी अंकापर्यंत तर चौकटीतल्या मजकुरातच वाचकांना सांगितलं जाऊ लागलं की बॅटमॅन बंदूक बाळगत नाही आणि तिने कुणाला मारत नाही.

बॅटमॅनचे आईवडील बंदुकीच्या गोळीने मेले, म्हणून त्याला बंदुकीचा तिटकारा, हे स्पष्टीकरण आज सगळ्यांना ठाऊक आहे. आईवडिलांच्या खुनाची कथा नोव्हेंबर १९३९ च्या अंकात आली. मशीनगनचा प्रसंग त्यानंतरचा. म्हणजे आईवडील डोळ्यांदेखत गेल्यानंतरही तो बंदूक चालवतच होता. बंदूक सुटली ती संपादकाच्या आदेशाने, आणि पात्राच्या मनातलं कारण नंतर सावकाश पिकत गेलं. मला हा संपूर्ण इतिहासातला सर्वांत शिकवणारा प्रसंग वाटतो. बाजारातल्या सावधगिरीतून निघालेला एक कार्यालयीन हुकूम पन्नास वर्षांत एका पात्राचा आत्मा होऊन बसला. १९८६ साली फ्रँक मिलर यांनी आपल्या म्हाताऱ्या बॅटमॅनकडून रायफल मोडून घेतली तेव्हा वाचकांना ते पात्राच्या रक्तातलंच वाटलं, आणि तोवर ते खरंही झालेलं होतं.

सुपरमॅनच्या बाबतीत बंदूक दुसऱ्या बाजूने येते. जून १९३८ पासून गोळ्या त्याच्या छातीवरून घरंगळत आल्या. १९४१ मध्ये आलेली वंडर वुमन मनगटांवरच्या कड्यांनी गोळ्या परतवते. शक्ती किती मोठी आहे हे दाखवायला मोजमाप लागतं आणि अमेरिकी वाचकाच्या ओळखीचं मोजमाप म्हणजे बंदूक. ज्यांच्या हातात ती नाही, त्या नायकांच्या कथाही तिच्याशिवाय उभ्या राहत नाहीत.

१९५४ चं प्रकरण प्रत्येक प्रस्तावनेत येतं, म्हणून थोडक्यात. मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचं 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' त्या वर्षी प्रसिद्ध झालं, अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्कमध्ये सुनावणी घेतली, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच स्वतःवर कॉमिक्स कोड लादून घेतला. अनावश्यक चाकूबाजी आणि बंदूकबाजी काढून टाकावी, पोलिसांबद्दल अनादर उत्पन्न होईल असं काही दाखवू नये, असं त्यात लिहिलेलं होतं. वर्थम यांना खलनायक ठरवण्याची पद्धत आहे. ती मला मान्य नाही. हार्लेममधल्या गरीब कृष्णवर्णीय लोकांसाठी त्यांनी १९४६ साली दवाखाना काढला होता, आणि तिथल्या मुलांच्या भोवतीच्या हिंसेची त्यांना खरी काळजी होती. परंतु त्यांची कागदपत्रं २०१० साली अभ्यासकांना खुली झाली आणि कॅरोल टिली यांनी ती तपासून २०१२ मध्ये दाखवून दिलं की वर्थम यांनी मुलांच्या जबान्यांत फेरफार केले होते, काही ठिकाणी अनेक मुलांचं बोलणं एकाच्या तोंडी घातलं होतं. काळजी खरी आणि पुरावा वाकवलेला, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या. हिंसा आणि चित्रकथा यांवर लिहायला बसणाऱ्याने टिली यांचा तो निबंध आधी वाचावा, म्हणजे आपला निष्कर्ष आपल्या पुराव्याच्या पुढे धावत नाही ना, याची जाण राहते.

याच ठिकाणी मराठी वाचकाचा या इतिहासाशी जुना संबंध येतो. ली फॉक यांचा फँटम १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वृत्तपत्रांतल्या चित्रपट्टीत आला. अंगासरसा घट्ट पोशाख, डोळ्यांवर मुखवटा आणि कमरेला दोन पिस्तुलं. सुपरहिरोचा पोशाख आणि जुन्या कथामासिकांतली बंदूक ज्या एका शरीरावर एकत्र दिसतात, असं हे पात्र सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधीचं आहे. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं ते याच नायकाच्या जोरावर, आणि मराठीत तो वेताळ म्हणून घराघरांत पोहोचला. ज्या देशात तो राहतो त्याचं नाव आपल्याकडच्या अंकांत डेंकाली असं बदललेलं होतं. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं. तोवर इथल्या दोन पिढ्यांनी बंदूक चालवणारा मुखवटाधारी पहिल्यांदा पाहिला तो त्याच्या रूपाने. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांनी मराठी वाचकाला कायद्याच्या कडेकडेने चालणाऱ्या नायकाची सवय आधीच लावून दिलेली होती.

वेताळाची नेमबाजी नीट पाहा. तो समोरच्याच्या हातातलं पिस्तूल उडवतो, दोर तोडतो, दिवा फोडतो. गोळी मांसात शिरत नाही. अमेरिकी रेडिओवर १९३३ पासून गाजलेल्या लोन रेंजरचाही हाच नियम होता: हत्यार पाडायचं, माणूस नाही. या नियमामुळे बंदूक लहान मुलांच्या हाती देण्याजोगी झाली. माझ्या कसोटीवर मात्र या कथा मागे पडतात. खऱ्या आयुष्यात गोळी मनगटाच्या वीतभर बाजूला जाऊ शकते, ही शक्यताच तिथे पुसून टाकलेली आहे. बंदूक आहे, धाक आहे, आणि लागण्याची जागा नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. फँटम जन्मला त्या काळात हिंदुस्थानात १८७८ चा शस्त्र कायदा लागू होता. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येत नव्हतं आणि सुरुवातीच्या नियमांनी गोऱ्यांना त्यातून सूट दिली होती. फँटमच्या जंगलात गोऱ्या नायकाकडे पिस्तुलं आहेत आणि त्याच्या भोवतीच्या बुटक्या टोळीकडे विषारी बाण. शांतता राखण्याचा अधिकार पिढ्यान्‌पिढ्या एका गोऱ्या घराण्याकडे आहे आणि जंगलातल्या लोकांनी तो आनंदाने मान्य केलेला आहे. स्वतंत्र भारतातल्या वाचकांनी, जिथे १९५९ च्या कायद्याने परवान्याची अट कायम ठेवली आणि जिथे साध्या घरात बंदूक नसतेच, या नायकावर जीव लावला. हे प्रेम खरं होतं आणि त्याबद्दल कुणी लाजण्याचं कारण नाही. पण ते कसं घडलं, भाषांतरकारांनी काय बदललं, काय गाळलं, याचा शोध घेण्यासारखा आहे.

आता १९७४. फेब्रुवारीच्या तारखेच्या 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या १२९ व्या अंकात पनिशर आला. लेखक जेरी कॉनवे, चित्रकार रॉस अँड्रू. छातीवरची मोठी कवटी आणि तिचे दात खाली काडतुसांच्या पट्ट्यात मिसळलेले, ही रचना जॉन रोमिटा यांची. पहिल्या कथेत तो नायक नाही. जॅकल नावाच्या खलनायकाने त्याला फसवून स्पायडरमॅनच्या मागावर घातलेलं असतं. फ्रँक कॅसल हा मरीन दलातला माजी सैनिक. सेंट्रल पार्कमध्ये टोळीवाल्यांच्या हातून त्याचं कुटुंब मारलं गेलं, ही कहाणी पुढच्या वर्षी सांगितली गेली. त्याच्या मागे डॉन पेंडलटन यांच्या १९६९ पासूनच्या कादंबऱ्यांतला मॅक बोलन हा व्हिएतनामहून परतलेला सैनिक उभा आहे. त्या काळातल्या अमेरिकेत युद्ध हरल्याची भावना होती, शहरांत गुन्हे वाढत होते, न्यायालयं गुन्हेगारांनाच सोडतात अशी तक्रार होती. 'डर्टी हॅरी' १९७१ चा चित्रपट, 'डेथ विश' १९७४ चा.

पनिशर बारा वर्षं मुख्यतः दुसऱ्यांच्या कथांत पाहुणा म्हणून वावरला. स्वतःची पहिली मालिका त्याला मिळाली १९८६ मध्ये, आणि १९८७ पासून नियमित मालिका निघू लागली. मधल्या काळात, २२ डिसेंबर १९८४ रोजी, बर्नहार्ड गोट्झ या माणसाने न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत चार कृष्णवर्णीय तरुणांवर गोळ्या झाडल्या होत्या. चौघेही वाचले, एक कायमचा अपंग झाला. १९८७ मध्ये ज्यूरीने गोट्झला खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपातून सोडलं आणि विनापरवाना हत्याराबद्दल दोषी धरलं. कथेमुळे घटना घडली किंवा घटनेमुळे कथा खपली, असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. पण एकाच शहरात, एकाच वर्षी, ज्यूरीपुढे आणि कॉमिक्सच्या दुकानात एकच प्रश्न मांडलेला होता, हे लक्षात घेतल्याशिवाय तो काळ समजणार नाही.

पनिशरवरचं उत्तम लेखन गार्थ एनिस यांचं. २००३ सालच्या 'बॉर्न'मध्ये ते १९७१ च्या व्हिएतनाममधल्या एका तळावर जातात आणि सुचवतात की हा माणूस कुटुंब गमावण्याच्या आधीच घडलेला होता. सेंट्रल पार्क हे निमित्त ठरलं. २००४ ते २००८ च्या मालिकेत त्यांनी त्याला खऱ्या वयाने म्हातारा होऊ दिलं. इथे गोळी लागते तिथवर कथा जाते, आणि झाडणाऱ्याच्या आतही जाते. वाचक त्याच्या बाजूने उभा राहतो आणि आपण उभे आहोत याची त्याला भीती वाटू लागते.

तरीही कवटी कथेतून निसटलीच. इराकमध्ये लढणाऱ्या अमेरिकी तुकडीने ती आपल्या वाहनांवर रंगवली, हे ख्रिस काइल यांनी २०१२ च्या आत्मकथनात लिहिलं आहे. मग ती पोलिसांच्या गाड्यांवर आली, आणि ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकी संसदेवर चालून गेलेल्या जमावाच्या कपड्यांवरही दिसली. २०१९ च्या एका अंकात पनिशर स्वतः पोलिसांच्या गाडीवरची आपली कवटी फाडून काढतो आणि त्यांना कॅप्टन अमेरिकेचा आदर्श ठेवायला सांगतो. कॉनवे यांनी २०२० मध्ये हे चिन्ह कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीसाठी निधी उभारायला वापरलं. २०२२ मध्ये मार्व्हलने चिन्ह बदललं आणि नायकाच्या हातात तलवारी दिल्या. निर्मात्याने आपल्याच निर्मितीवर केलेली ही इतकी उघड दुरुस्ती मला या क्षेत्रात दुसरीकडे आढळलेली नाही. वेताळाच्या कथेतही कवटी आहे. पण तिचा ठसा तो मार खाणाऱ्याच्या जबड्यावर उमटवतो. पनिशर ती स्वतःच्या छातीवर घेऊन फिरतो, म्हणून ती दुसऱ्या कुणालाही अंगावर चढवता येते.

पनिशरच्या प्रसिद्धीत झाकोळलेली एक मालिका प्रत्येक नव्या अभ्यासकाने शोधून वाचावी. डीसीने १९८३ मध्ये 'व्हिजिलांटी' सुरू केली. एड्रियन चेस हा सरकारी वकील. टोळीवाल्यांनी त्याचं कुटुंब बॉम्बने उडवल्यावर तो मुखवटा चढवून बंदूक उचलतो. इथवर सगळं ओळखीचं. पण पुढे तो संशयाने पोखरला जातो, मुखवटा उतरवतो, पुन्हा चढवतो. त्याच्या जागी मुखवटा घालून फिरणाऱ्या माणसाला तो मारतो आणि तो आपलाच न्यायाधीश मित्र होता हे त्याला नंतर कळतं. पन्नासाव्या अंकात, १९८८ च्या सुरुवातीला, लेखक पॉल कुपरबर्ग यांनी नायकाला आत्महत्या करायला लावून मालिका संपवली. मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या नियमित मालिकेत असा शेवट करायला धैर्य लागतं. सूडाच्या बंदुकीची शेवटची गोळी कुठे जाते, याचं इतकं सरळ उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

गोळी लागलेल्या बाजूने लिहिलेली कथा मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. १९८८ च्या 'द किलिंग जोक'मध्ये जोकर बार्बरा गॉर्डनच्या पोटात गोळी घालतो. ती पूर्वीची बॅटगर्ल. त्या पुस्तकाला तिच्याबद्दल पुढे काही सांगायचं नव्हतं. वडिलांना वेडं करण्यासाठी तिची जखम वापरली गेली. जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल या लेखक दाम्पत्याला हे सहन झालं नाही. त्यांनी १९८९ मध्ये तिला ओरॅकल म्हणून परत आणलं: चाकाच्या खुर्चीत बसलेली, माहितीचं जाळं हाताळणारी, बॅटमॅनपासून सगळ्यांना जिच्यावर अवलंबून राहावं लागतं अशी बाई. दोन दशकांहून अधिक काळ ती तशी राहिली. ऑस्ट्रँडर यांनीच नव्वदच्या दशकाच्या आरंभी 'सिडक्शन ऑफ द गन' हा बॅटमॅनचा खास अंक लिहिला आणि बंदुका शहरात कुठून, कशा येतात हे थेट मांडलं. बंदूकधारी नायकांचा अभ्यास करताना ओरॅकल वगळली तर अभ्यास अर्धाच राहील.

आणि वाचकांचा हात? १९८८ मध्ये डीसीने दुसरा रॉबिन, जेसन टॉड, जगावा की मरावा यावर फोनने मतदान घेतलं. मरावा म्हणणारे ५३४३, जगावा म्हणणारे ५२७१. तो मेला. २००५ मध्ये लेखक जड विनिक यांनी त्याला रेड हूड म्हणून परत आणलं तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत पिस्तुलं होती आणि बॅटमॅनला तो विचारत होता की माझा खुनी अजून जिवंत कसा. ज्याला वाचकांनी मारलं तोच बंदूक घेऊन परतला, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

नव्वदच्या दशकातल्या केबल, डेडपूल आणि त्यांच्या अवतीभवतीच्या अवाढव्य बंदुकांबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. चित्रशैलीच्या दृष्टीने तो काळ महत्त्वाचा आहे, विचाराच्या दृष्टीने उथळ. अमेरिकेबाहेर मात्र दोन कामं वाचायलाच हवीत. ब्रिटनमध्ये मार्च १९७७ पासून '२००० एडी' या साप्ताहिकात आलेला जॉन वॅग्नर आणि कार्लोस एझक्वेरा यांचा जज ड्रेड हा पोलीस, न्यायाधीश आणि जल्लाद एकाच गणवेशात आहे. त्याची बंदूक दुसऱ्या कुणी उचलली तर उचलणाऱ्याचाच हात उडतो. हत्यार फक्त सत्तेला ओळखतं. वॅग्नर यांनी १९९० मध्ये 'अमेरिका' ही कथा त्याच शहरातल्या सामान्य नागरिकाच्या तोंडून सांगितली आणि तिथे ड्रेडकडे पाहणं कठीण होतं. दुसरं काम जपानी: यासुहिरो नाइटो यांची १९९५ पासूनची 'ट्रायगन'. तिच्यातला व्हॅश हा अफाट नेमबाज कुणालाही मारायचं नाही असं ठरवून जगतो. वेताळाला हे फुकटात जमतं. व्हॅश शर्ट काढतो तेव्हा त्याच्या सर्वांगावर या निश्चयाचे व्रण दिसतात.

आपल्याकडे बंदूक आणि कायदा यांच्या नात्याच्या प्रश्नाची दोन उत्तरं सोळा-सतरा वर्षांच्या अंतराने आली. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी इंद्रजालसाठी बहादूर निर्माण केला, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. बहादूर हा डाकूचा मुलगा. बाप पोलिसाच्या गोळीने मेला म्हणून सूड घ्यायला निघालेला, आणि शेवटी त्याच पोलिसाच्या बाजूने उभा राहून गावकऱ्यांचं सुरक्षा दल उभारणारा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या राज कॉमिक्सने डोगा आणला. कचऱ्यात सापडलेलं मूल, हलकान सिंग नावाच्या डाकूने कुत्र्यासारखं वाढवलेलं. मोठं होऊन ते मुंबईत येतं, अदरक, हल्दी, धनिया आणि कालीमिर्च अशा नावांच्या चार चाचांच्या हाताखाली तयार होतं, आणि रात्री कुत्र्याचा मुखवटा घालून बंदुकीने गुन्हेगार संपवू लागतं. दोघेही डाकूंच्या सावलीत वाढलेले. एकाला संस्थांमध्ये जागा मिळाली, दुसऱ्याला संस्था नकोच झाल्या. या काळात मुंबईने टोळीयुद्धं पाहिली, पोलीस चकमकींच्या बातम्या वाचल्या, १९९२-९३ च्या दंगली आणि १२ मार्च १९९३ चे स्फोट सोसले. डोगाची मुंबई हिंदीतून दिल्लीत छापली जात होती. तिचा ताळा मुंबईत राहणाऱ्या मराठी अभ्यासकाने घ्यायला हवा.

कामाच्या पद्धतीबद्दल दोन शब्द. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ च्या 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स'मध्ये दाखवलं की दोन चौकटींमधल्या कोऱ्या फटीत जे घडतं ते वाचक घडवतो. पहिल्या चौकटीत कुऱ्हाड उगारलेली आणि दुसऱ्यात फक्त किंकाळी असेल, तर घाव वाचकाने घातलेला असतो. बंदुकीला हे अधिकच लागू पडतं, कारण चाप ओढणं आणि गोळी लागणं यांच्यातलं अंतर बहुधा त्या फटीतच पार होतं. एखादा अंक घ्या आणि फक्त एवढं नोंदवा: किती वेळा चाप दिसतो, किती वेळा जखम दिसते, किती वेळा जखमी माणूस नंतरच्या पानावर पुन्हा भेटतो. तिसरी संख्या फार लहान येते, हे तुमच्या लवकरच लक्षात येईल.

दुसरं म्हणजे शक्य तिथे मूळ अंक पाहा. पुनर्मुद्रित संग्रहांतून जाहिराती आणि वाचकांची पत्रं गळतात. चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या अमेरिकी अंकांत डेझी कंपनीच्या छऱ्याच्या बंदुकांच्या जाहिराती मुलांना उद्देशून छापलेल्या असत. आतला नायक बंदुकीला हात लावत नाही आणि मागच्या पानावर ती विकली जाते, हे संग्रहात कधीच दिसणार नाही. मिशिगन स्टेट आणि ओहायो स्टेट या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत अमेरिकी अंकांचे मोठे साठे आहेत. सिद्धान्ताच्या बाजूने रिचर्ड स्लॉटकिन यांचं सरहद्दीवरच्या हिंसेबद्दलचं लेखन, पीटर कूगन यांची सुपरहिरोची व्याख्या आणि केंट वॉर्सेस्टर यांचा २०२३ मधला पनिशरचा सांस्कृतिक इतिहास, एवढ्यावर पहिलं वर्ष सहज निघेल.

मराठी इंद्रजालचं काम मात्र तिकडच्या कुठल्या विद्यापीठात बसून होणार नाही. ते अंक इथल्या माळ्यांवर, ट्रंकांत आणि रद्दीच्या दुकानांत आहेत. तुमच्या घरी असतील तर टाकू नका. अंक क्रमांक, महिना, किंमत, भाषांतरकाराचं नाव छापलेलं असेल तर ते, आणि मागच्या पानावरची जाहिरात, एवढी नोंद करून ठेवा, जवळच्या ग्रंथालयाला दाखवा. आणि वाचून जे वाटलं ते मराठीत लिहा. या विषयात लिहिणाऱ्यांसाठी भरपूर जागा आहे.